समजूतदार पेशंट

सासूबाईंनी उशी पोटाशी घट्ट धरली, डोळे मिटले आणि कण्हायला सुरुवात केली. कण्हणं जरा जास्तच झालं. खालच्या मजल्यावर ऐकू जाईल एवढं.

“आई, हळू. ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेत तुमचं. आता एवढं नाही दुखत.”

“तुला काय माहीत? पोट माझं आहे.”

“पित्ताशय काढलंय फक्त.”

“फक्त म्हणे,” सासूबाई डोळे न उघडताच म्हणाल्या आणि एक पट्टी खाली येऊन कण्हू लागल्या.

सुनेने मोबाईलवर पाच मिनिटांचं घड्याळ लावलं आणि पलंगाशेजारी ताठ उभी राहिली. हात पुढे एकमेकांत गुंतवलेले, चेहऱ्यावर इंग्रजीच्या क्लासमध्ये शिकवलेलं मंद हसू. सगळी इमारत तिला सिस्टर म्हणायची. ती सरकारी हॉस्पिटलात पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात होती, आणि दूधवाल्यापासून शेजारच्या आजोबांपर्यंत कुणालाही तिचं खरं नाव धड आठवलं नसतं.

“गुड मॉर्निंग,” ती म्हणाली. “हाऊ आर यू फीलिंग टुडे?”

“बरं नाही वाटत हो, सिस्टर. डॉक्टर म्हणतात उठून चाला. पण टाके तुटले म्हणजे?”

सिस्टर इंग्रजीत सांगू लागली. तुमची काळजी स्वाभाविक आहे. टाके मजबूत असतात. चालल्याने लवकर बरं वाटेल, मी तुमच्यासोबत आहे. एकेक शब्द ती जागच्या जागी ठेवत होती, नव्या बिऱ्हाडात कपबश्या मांडाव्यात तशी. मध्येच ‘अॅप्रिहेन्सिव’, म्हणजे धास्तावलेला, हा शब्द आला, तोही तिने बरोबर जागी बसवला आणि मनातल्या मनात स्वतःला एक मार्क दिला.

सासूबाईंना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती, आणि तिथे इंग्रजी लागलं ते शर्टाच्या मापापुरतं. त्या सुनेचा आवाज थांबायची वाट बघायच्या. आवाज थांबला म्हणजे आपल्याला पटलं, असा त्यांचा हिशेब होता.

“बरं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही म्हणताय तर चालते.” आणि खरोखरच उशी बाजूला टाकून, उठून खिडकीपर्यंत चालत गेल्या.

मोबाईलवर अजून साडेतीन मिनिटं शिल्लक होती.

“अहो, एवढ्या लवकर कशा बऱ्या होता तुम्ही?” सिस्टरने कपाळावर हात मारला.

“तू समजावलंसच इतकं छान.”

परीक्षा परदेशात जाणाऱ्या नर्सेससाठी होती. लिहिणं, वाचणं, ऐकणं यांत सिस्टर पहिल्याच फटक्यात पास झाली होती. बोलण्यात दोनदा नापास. तिथे समोर एक परीक्षक पेशंट होऊन बसायचा, हातात पेशंटची माहिती लिहिलेलं एक कार्ड द्यायचे आणि त्या पेशंटशी पाच मिनिटं इंग्रजीत बोलायचं. परदेशातल्या हॉस्पिटलाने तिची जागा आतापर्यंत धरून ठेवली होती. येत्या शनिवारी पास झाली तर ठीक, नाहीतर जागा दुसरीला, असं त्यांनी अगदी गोड भाषेत कळवलं होतं.

या परीक्षेने तिच्या नाकी नऊ आणले होते. अडतिसाव्या वर्षी, नुसत्या भुवईच्या हालचालीवर तीस खाटांचा वॉर्ड चालवणाऱ्या बाईला कुणीतरी विचारत होतं की तुला पेशंटशी बोलता येतं का. रोज ड्यूटी संपली की ती दोन बस बदलून क्लासला जायची. क्लासच्या मॅडमचा नियम होता, अर्थ पाठ करायचे नाहीत. रोज दहा शब्द घरी न्यायचे आणि प्रत्येक शब्द कुणाशी तरी बोलताना वापरायचा. म्हणून घरात कुणी साधं बोलेनासं झालं होतं. नवरा आंघोळीला जायला रिलक्टंट असायचा. मुलगी गणिताच्या बाबतीत पेसिमिस्टिक होती. सासूबाईही मागे राहिल्या नाहीत. एकदा त्यांनी दुधाच्या पातेल्यात डोकावून गंभीरपणे जाहीर केलं, “आजचं दूध अॅप्रिहेन्सिव दिसतंय. नासणार बहुतेक.” नवरा आणि मुलगी हसून हसून लोळले. सिस्टरही हसली, पण आतून तिला चीड आली. सासूबाई शब्द कुठेही फेकायच्या आणि तो तिथे उड्या मारायचा. तिने अर्थ बघून, वापर बघून, जपून ठेवलेला शब्द मात्र ठेवला तिथे मेल्यासारखा पडून राहायचा.

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता. ठरलं होतं ते असं. आधी तिने जायचं, वर्षभराने नवऱ्याने आणि मुलीने. तोवर घर आणि मुलगी सासूबाईंनी सांभाळायची. सासूबाईंचं पुढे काय, हा विषय निघाला की नवरा म्हणायचा, नंतर बघू. सिस्टरही म्हणायची, नंतर बघू. आणि कुणी शेजारी विचारलं, की पोरीला सोडून एवढ्या लांब कशाला, तर सगळ्यांचं उत्तर तयार होतं. घरासाठी. सासूबाई तेव्हा काही बोलत नसत, चहाचे कप उचलून आत जात.

मंगळवारी क्लासमध्ये सराव परीक्षा झाली. क्लास एका चपलांच्या दुकानाच्या वर होता आणि सगळ्या खोलीला नव्या रबराचा वास यायचा. मॅडम सिस्टरपेक्षा वयाने लहान, बोलायला तिखट. सिस्टरच्या कार्डावर एक म्हातारी पेशंट आली. तब्येत सुधारली आहे, आज घरी सोडायचं आहे, पण तिला जायचं नाही.

सिस्टरने मंद हसू चेहऱ्यावर आणलं आणि सुरुवात केली. मॅडम खुर्चीत म्हाताऱ्या होऊन बसल्या होत्या. सिस्टरचं बोलणं संपल्यावर त्या इंग्रजीत एवढंच म्हणाल्या, नाही.

सिस्टरने तेच पुन्हा सांगितलं, थोडं सावकाश. घरी जाणं तुमच्याच भल्याचं आहे.

“हाऊ डू यू नो?” म्हातारीने विचारलं.

सिस्टरच्या डोक्यात शब्दांची नुसती गर्दी झाली, पण त्यातला एकही पुढे यायला तयार नव्हता. शेवटी तिच्या तोंडून निघालं, ते शुद्ध मराठीत, “काही होत नाही, चला.” मागच्या बाकांवरच्या पोरी फिस्सकन हसल्या. तिचे कान तापले.

मॅडम म्हातारपण सोडून सरळ बसल्या.

“शब्द तुमचे बरोबर आहेत,” त्या म्हणाल्या. “अर्थही बरोबर. पण तुम्ही ते मला औषधासारखे पाजता. मी तोंड फिरवलं, की तोच चमचा परत पुढे करता. पेशंट काय म्हणतोय ते ऐका की जरा.”

“ऐकते मी.”

“त्याचं बोलणं संपायची वाट बघता. घरी सराव कुणाबरोबर करता?”

“सासूबाईंबरोबर.”

“त्या कधी नाही म्हणतात?”

सिस्टरने आठवून पाहिलं. “नाही,” ती म्हणाली. “कधीच नाही.”

“मग त्यांना म्हणायला लावा. शनिवारचा परीक्षक काही तुमची सासू नसणार.”

सगळे पुन्हा हसले. बसमध्ये तिला जागा मिळाली नाही आणि घरी पोचेपर्यंत तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. गोष्ट खरी होती, म्हणूनच जास्त लागली. वॉर्डात तिला कुणी नाही म्हणत नसे. दारू पिऊन दंगा करणारा माणूससुद्धा तिने “पडून राहा” म्हटलं की सलाईनची सुई न उपटता पडून राहायचा. आणि घरी तर नाहीचा प्रश्नच नव्हता. त्यांचं कधीच वाजलं नाही, म्हणून सगळी इमारत या सासू-सुनेचा दाखला द्यायची. वाजायचं नाही ते कसं, हे त्या दोघींनाच माहीत होतं. सासूबाईंना झोपायच्या खोलीची खिडकी उघडी लागायची, सिस्टरला बंद. सासूबाई ती उघडायच्या, सिस्टर येऊन लावायची, सासूबाई परत उघडायच्या. इतकी वर्षं हे चाललं होतं आणि दोघींपैकी एकीनेही त्याबद्दल ब्र काढला नव्हता.

घरी आली तेव्हा सासूबाई मुलीच्या फ्रॉकची खालची शिवण उसवत बसल्या होत्या. मुलगी वरच्या मजल्यावर मैत्रिणीकडे गेली होती, नवरा कुठल्याशा इमारतीत अडकलेली लिफ्ट सोडवत होता. सिस्टरने पर्स खुंटीला अडकवली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली,

“आई, आज माझ्याशी भांडा.”

सासूबाईंनी चष्म्याच्या वरून पाहिलं. “काय झालं?”

“काही नाही झालं. सरावासाठी. मी काहीही म्हटलं तरी तुम्ही नाही म्हणायचं.”

“बरं.”

“बरं नाही! नाही म्हणायचं.”

“अगं, कारण नसताना कसं भांडायचं? काहीतरी निमित्त तर हवं.”

सिस्टरने कार्ड सांगितलं. पहिल्या वेळी सासूबाई “नाही” म्हणाल्या आणि लगेच हसल्या. दुसऱ्या वेळी “नाही” म्हणून तोंड फिरवलं, पण पाठोपाठ त्यांना सुनेची दया आली. “नको म्हणत होते, पण तुम्ही एवढ्या उभ्या राहून सांगताय,” असं म्हणून त्या घरी जायला तयार झाल्या. तिसऱ्या वेळी मध्येच थांबून त्यांनी विचारलं, “तू खाल्लंस का काही आल्यावर?”

“आई!”

आवाज एवढा चढला, की सासूबाईंच्या हातातली कात्री मांडीवर पडली.

“एक साधं नाही म्हणता येत नाही तुम्हाला? एक शब्द! रोज आपलं बरं, बरं, तुम्ही म्हणता तसं. परीक्षेत कुणी बरं म्हणत नाही मला. तुमच्यामुळे नापास होतेय मी!”

बोलून झाल्यावर तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. ती स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि परत आली.

सासूबाईंनी फ्रॉकची घडी घातली. सुई रिळात खोचली. मग त्या पलंगावर पाय वर घेऊन, भिंतीला टेकून बसल्या. चष्मा काढून त्यांनी उशीखाली ठेवला.

“हं,” त्या म्हणाल्या. “परत सांग. मी कोण?”

“राहू दे, आई. मला उगीच...”

“कोण मी?”

“म्हातारी पेशंट. आज घरी सोडायचंय, डिस्चार्जच्या कागदावर सही हवी. तुम्हाला जायचं नाही.”

“ठीक आहे. विचार.”

सिस्टरने हात पुढे गुंतवले. घड्याळ लावायचं तिला सुचलं नाही. “गुड मॉर्निंग,” ती म्हणाली. “हाऊ आर यू फीलिंग टुडे?”

सासूबाईंनी साडी पायांवर नीट ओढून घेतली.

सिस्टरने आनंदाची बातमी सांगितली. डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट पाहिले आहेत, आज तुम्हाला घरी जाता येईल.

“नाही.”

हा ‘नाही’ वेगळा होता. सिस्टर नकळत एक पाऊल पुढे आली. घरी जायला तुम्ही रिलक्टंट का आहात, असं तिने इंग्रजीत विचारलं. मग तिने पुढचं वाक्य काढलं. हे तुमच्याच भल्यासाठी आहे.

“माझ्या भल्यासाठी म्हणालात ना?”

सिस्टर चपापली. “तुम्हाला कळलं?”

“त्यात न कळण्यासारखं काय आहे? तेवढं म्हणताना सगळ्यांचाच आवाज तसा लागतो.” सासूबाईंचा स्वर साधाच होता, भाजी निवडताना बोलावं तसा. “खोटं बोलता, सिस्टर. तुम्हाला पलंग रिकामा हवाय. सरळ तसं म्हणा की. पलंग हवाय, तुम्ही उठा. मला काय समजत नाही? मी समजून घेईन. सगळं समजूनच घेत आले मी. पण माझ्या भल्यासाठी म्हणू नका.”

“आय अंडरस्टँड युअर...”

“नाही! ते नको.” सासूबाई भिंतीपासून पुढे आल्या. “तुम्ही मोकळ्या होणार आणि नाव माझं. घरासाठी म्हणे. या घरात कोण राहतं मग? मीच ना? मी मागितलं होतं का काही तुमच्याकडे? उद्या पोरगी मला विचारेल, आई कुठे गेली. मी काय सांगू तिला, सिस्टर? तुझ्या आजीसाठी गेली म्हणून सांगू?”

वरच्या मजल्यावर मुली कशावरून तरी उड्या मारत होत्या, छत धडधडत होतं. सिस्टरच्या जिभेवर क्लासमधली दोन-तीन वाक्यं आली. तुमच्या भावनांची मला कल्पना आहे. आपण यावर मिळून मार्ग काढू. ती तिने गिळली. मग तिने तोंड उघडलं आणि इंग्रजीत बोलायला लागली.

ते इंग्रजी काही परीक्षेत सांगण्यासारखं नव्हतं. रोजच्या दहा शब्दांपैकी एकही त्यात नव्हता. छोटे छोटे, शाळेत पहिल्या वर्षी शिकवतात तसले शब्द, काळ वेळ सगळं विस्कटलेलं, अर्धी वाक्यं सोडून दिलेली. ‘आय वाँट’ पुन्हा पुन्हा येत होतं, कधी ‘आय डोंट वाँट’. पुढे गुंतवलेले हात केव्हाच सुटले होते. बोलता बोलता ती खिडकीकडे गेली, परत आली, पलंगाच्या काठावर तिने तळहात आपटला. तिला राग आला होता आणि त्या रागात ती शब्द शोधायचंच विसरली होती. आधी मराठीत वाक्य जुळवून मग ते इंग्रजीत न्यायचं, ही तिची रोजची कसरत आज झालीच नाही. ती बोलत गेली. एका ठिकाणी तिचा आवाज फाटला, तरी थांबली नाही. सासूबाई चष्म्याशिवाय, डोळे बारीक करून तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

मग तिचं बोलणं संपलं. ती धापा टाकत उभी राहिली.

आवाज थांबला होता. सासूबाई एरवी इथेच “बरं” म्हणायच्या.

“आता मराठीत सांग,” त्या म्हणाल्या.

सिस्टर पलंगाच्या कडेला बसली. तिने पदराने चेहरा पुसला, मग पुन्हा पुसला.

“मला जायचंय,” ती म्हणाली.

सासूबाईंनी मान हलवली नाही.

“घरासाठी नाही. पोरीसाठीही नाही. ते आपलं लोकांना सांगायला. मलाच जायचंय. इथे मला सगळं आधीच माहीत आहे. कुठल्या वर्षी कुठल्या वॉर्डात असेन, रिटायर होताना कोण भाषण करेल, सगळं. तिकडचं काही माहीत नाही. म्हणून जायचंय. पोरीला सोडून जाववत नाही, पण तरीही जायचंय.” तिने पलंगपोसाचा एक सुटलेला धागा ओढला. “आणि तुमचं, आई... नंतर बघू म्हणतो ना आम्ही. नंतर कुणी बघणार नाही. तुम्हाला तिकडे नेता यायचं नाही. ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. यांनाही माहीत आहे. आणि माहीत असूनही मी चाललेय.”

वर उड्या मारणं थांबलं होतं, जिन्यातून मुलीच्या चपलांचा आवाज खाली येत होता. एकेक पायरी दोन्ही पायांनी, नेहमीसारखी.

सासूबाईंनी उशीखालून चष्मा काढला, साडीला पुसून डोळ्यांवर चढवला. ती उशी बाजूला ठेवली. मग गुडघ्यांवर हात दाबत, एकेक करून पाय पलंगाखाली सोडले आणि सुनेपुढे उजवा हात पसरला, पेन मागावं तसा.

“सही कुठे करायची, सिस्टर?” त्यांनी विचारलं.